चाळिसावा पोपट

साहेब, माझ्या काठाला जे भोक पडलं आहे ते तुम्ही पाडलं आहे. हातोडी दुसऱ्याच्या हातात होती, एवढीच काय ती तुमची सोय. कागदावर तुम्ही त्याचं नाव घातलंत, खाली स्वतःची सही ठोकलीत आणि पाच वाजता डब्याची पिशवी उचलून घरी गेलात. मी हे सगळं तुमच्याच टेबलावरून पाहिलं आहे.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. हे बोलणं तुमच्यासाठी नव्हतं. तुम्हाला मी पहिल्यापासून सांगतो. शेवटी पुन्हा साहेबांकडे वळेन.

मी एक जुना चांदीचा थाळा आहे. वय साठच्या पुढे, वजन ऐंशी तोळे. माझा जन्म नाशिकचा, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीतला. गोदावरी फुगली की पाणी आधी ज्या गल्ल्यांत शिरतं, त्यातली ती एक. पुढच्या रस्त्यावर दुकानं, त्यांच्यावर मालकांच्या नावाच्या पाट्या. मागच्या गल्लीत ठोकणारे हात, आणि त्यांच्यावर पाटी नाही. मला घडवणाऱ्याचं नाव रंगनाथ. हे नाव माझ्या अंगावर कुठंही कोरलेलं नाही. कोरायची पद्धतच नव्हती. दुकानदाराचा शिक्का मात्र माझ्या पाठीवर आहे, आणि त्या दुकानदारानं जन्मात कधी हातोडी उचलली नव्हती.

चांदी मुशीत वितळली की पाण्यासारखी हलते. ती लोखंडी साच्यात ओतायची आणि गार झालेली कांब ऐरणीवर ठोकायची. ठोकत गेलं की चांदी आडमुठी होते. कडक होते. तशीच ठोकत राहिलात तर तडकते. म्हणून मधूनमधून तिला विस्तवावर लालसर होईपर्यंत तापवायचं, म्हणजे ती पुन्हा नरम पडते. याला ताव देणं म्हणतात. दुसरी गोष्ट राळ. झाडाची राळ, विटेची भुकटी आणि थोडं तेल कढईत गरम करून काळी, चिकट गादी करतात आणि थाळा त्या गादीवर बसवतात. वर कलम, म्हणजे बोथट तोंडाची छिन्नी, टेकवून ठोका मारला की राळ हवी तेवढीच दबते आणि चांदीला खालून सांभाळून धरते. आईनं बाळाच्या मानेखाली हात घालावा तशी.

ताव आणि राळ. मित्रांनो, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. साहेबांनी ठेवल्या नाहीत.

रंगनाथांनी अडीच महिने खपून माझ्या मध्यावर कमळ उठवलं आणि काठावर गोल फेर धरून चाळीस पोपट बसवले. प्रत्येकाच्या चोचीत एक कैरी. एका पोपटाची मान दुसऱ्यासारखी नाही. कुणी कैरीकडे बघतोय, कुणी शेजाऱ्याच्या कैरीकडे. एकोणचाळीस पोपटांना त्यांनी डोळे दिले. चाळिसाव्याला दिला नाही.

ते विसरले नव्हते. त्यांच्या घरातली ती रीतच होती. मोठ्या कामातला एक ठोका बाकी ठेवायचा. घरातलं जे माणूस शिकून तयार होईल, त्यानं तो मारायचा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की सगळ्यांसमोर तो शेवटचा ठोका पडायचा, आणि त्या दिवसापासून ते माणूस नक्षीकार. दाखला नाही, सही नाही, फोटो नाही. एक ठोका.

माझा ठोका रंगनाथांच्या मुलासाठी, देवरामसाठी राखलेला होता. पण तो तेव्हा बारा वर्षांचा, आणि मला मागवणाऱ्या कळवणच्या माणसाला लेकीच्या लग्नाची घाई. तो मला न्यायला आला तेव्हा त्याची लेकही बरोबर होती. तिचं नाव चतुराबाई. तिनं मला दोन्ही हातांत धरून गोल फिरवलं आणि बरोबर त्या पोपटावर बोट ठेवलं.

"हाऊ पोपट आंधया शे का?"

"आंधळा नाही, झोपलाय," रंगनाथ म्हणाले. "दर दोन-तीन वर्षांनी थाळा उजळायला पाठवा. माझं पोर तयार झालं की याला उठवेल."

मी कळवणला गेलो. माझे चांगले दिवस ते. जावई आला की मी निघायचो, बारशाला निघायचो, दिवाळीच्या पहिल्या पंगतीला निघायचो. पुरणपोळी वाढली की पोपट झाकून जायचे आणि माझ्याभोवती एकत्र बसलेली घरातली मुलं पोपट बघायला भराभर जेवायची. झोपलेला पोपट ज्याच्यासमोर येईल त्यानं पुढची पंगत वाढायची, असा त्या घरात खेळच होता. एकदा तो खुद्द जावयासमोर आला. तेव्हा जावयानं कमरेला उपरणं खोचून वाढलं आणि चतुराबाई हसून हसून खांबाला टेकली. लोक म्हणायचे, काय काम आहे! कुणी केलं हे कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारत नाही, मित्रांनो. तुमच्या घरातलं एक तरी भांडं कुणाच्या हातचं आहे, ठाऊक आहे तुम्हाला? नाही ना. मग पुढचं नीट ऐका.

उजळायला मी नाशिकला येत राहिलो. रिठ्याच्या पाण्यात अंघोळ व्हायची, पितळी तारांच्या ब्रशनं पाठ घासली जायची. देवराम मोठा झाला, हात बसला, लग्न झालं. बाप दरवेळी कलम पुढे करायचा.

"मार. तयार झालास तू."

"अजून नाय. पुढच्या खेपेला."

रंगनाथ गेले त्या वर्षीसुद्धा देवराम मला मांडीवर घेऊन बसला, पोपटावर अंगठा फिरवला आणि पुन्हा फडक्यात बांधून कळवणला पाठवलं. मिजास नव्हती ती. त्याला खरंच वाटायचं की बापासारखी मान आपल्याला अजून वळवता येत नाही. आजकाल दोन महिन्यांचा कोर्स करून लोक भिंतीवर सर्टिफिकेट टांगतात. हा माणूस चाळीस वर्षं नक्षी ठोकत होता आणि स्वतःला नक्षीकार म्हणवत नव्हता.

मग चतुराबाई थकली आणि एक दिवस गेली. घरात स्टील आलं, मग काच आली, मग कागदाच्या प्लेटा आल्या. मला जुन्या पातळात गुंडाळून पेटीत घातलं. वीस वर्षं मी पेटीत काढली आणि तव्यासारखा काळा पडलो. वीस वर्षांनी झाकण उघडलं ते चतुराबाईच्या नातवानं, धनराजनं. त्यानं मला गोणपाटात घालून थेट सराफ बाजारात आणलं. त्याला माझ्या बदल्यात मशीनवर ठसा मारलेला डिनर सेट हवा होता. मोर असलेला. सगळे मोर एकसारखे, एकाच बाजूला बघणारे, जसे काही एकाच शाळेत जातात.

"काका, हा मोडीत घ्या," धनराज दुकानदाराला म्हणाला. "तसा पण डिफेक्टिव्ह आहे. एका पोपटाला डोळाच नाय."

नशीब एवढंच की देवराम तेव्हा मजुरीचं काम द्यायला त्याच दुकानात आला होता. त्यानं काळ्या थाळ्यावर अंगठा घासला. झोपलेला पोपट सापडला.

"हा मोडू नका. याच्या वजनाची चांदी मी आणून देतो."

"कुठून आणणार, देवरामभाऊ?" दुकानदार हसला.

देवराम घरी गेला. त्याची बायको वत्सलाबाई भाजी निवडत होती. त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पायातले तोडे काढले, कपाटातून कमरपट्टा आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"घ्या. नाहीतरी आता हे घालून मी कुठं मिरवणार? पण एक सांगते. आता तरी त्या पोपटाला उठवा, नाहीतर मी उलथनं घेऊन उठवीन."

असा मी जन्मघरी परत आलो. तेव्हा देवराम सत्तरीला टेकला होता. मुलगा महेश सातपूरला कंपनीत कामाला, त्याचं हातोडीशी कधी जमलंच नाही. पण महेशची बायको पल्लवी इगतपुरीची, रेल्वेवाल्याची मुलगी. लग्नात मेंदी काढून द्यायची कामं करायची. एकदा सासरा जेवायला उठला असताना ती त्याच्या जागेवर बसली आणि राळेवरच्या पत्र्यावर एक पान ठोकून ठेवलं. देवरामनं परत येऊन ते पान पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"चुकलं का, मामा?"

"देठ चुकला. पान नाय चुकलं."

त्यांच्या घरात बाईनं कलम धरायची रीत नव्हती. देवरामनं ती रीत त्या दिवशी मोडली, कुणाला विचारलं नाही. तीन वर्षं पल्लवी रोज दुपारी दोन तास बसायची. हात भाजले, अंगठा सुजला, बाईनं काम सोडलं नाही. आणि मग श्रावणात देवराम मला तिच्यासमोर ठेवून म्हणाला, "हा डोळा माझा नव्हता गं. मी उगाच अडवून बसलो होतो. येत्या खंडेनवमीला तू मार."

पल्लवीनं पदरानं माझा काठ पुसला. तिच्या बोटांना घाम होता, एवढं मला कळलं.

आता साहेब येतात, मित्रांनो.

एका कार्यालयानं जुन्या कारागिरांसाठी योजना काढली होती. ज्येष्ठ कारागीर असा दाखला मिळाला की शिकवायला जागा, भट्टी, सामान, पाच शिकणारे आणि दोन वर्षांचा वर्ग. पल्लवीनं गल्लीतल्या आणखी चार बायका तयार केल्या. तिला हा वर्ग हवाच होता, कारण महेशनं स्पष्ट सांगून टाकलं होतं. "वर्ग झाला तर दोन वर्षं शिक, मी आडवा येणार नाय. नाय झाला तर अंबडला कंपनीत पॅकिंगला जागा आहे, मी बोलून ठेवलंय. घरात बसून ठोकत राहण्यात काय अर्थ आहे, तूच सांग." महेशचंही चूक नव्हतं. पण म्हणजे सगळं त्या दाखल्यावर येऊन ठेपलं.

देवरामला बोलावणं आलं. हत्यारं आणि स्वतःच्या घराण्याचा एक नमुना आणावा. देवरामनं हातोडी आणि एक कलम फडक्यात बांधली, मला पल्लवीच्या मांडीवर दिलं आणि दोघं रिक्षात बसले. द्वारका चौकात रिक्षा अर्धा तास जागची हलली नाही. पोहोचेपर्यंत चार वाजून गेले होते.

साहेबांनी मला उलटा केला, सुलटा केला, वजनकाट्यावर ठेवला. मग कागदावर एका रकान्यात बोट थांबलं. नमुना पूर्ण आहे काय? होय किंवा नाही.

"बाबा, एक पोपट राहिलाय."

देवरामनं रीत सांगितली. रंगनाथ, कळवण, खंडेनवमी, सून, सगळं. साहेब ऐकत होते, म्हणजे मोबाइलकडे बघत होते.

"ते सगळं ठीक आहे. पण रकान्यात रीत लिहायला जागा नाही. मला होय किंवा नाही लिहायचंय. अपूर्ण नमुना चालत नाही."

"मग काय करायचं साहेब?"

"करा ना पूर्ण. प्रात्यक्षिक पण होऊन जाईल. एकच डोळा तर आहे."

"ताव द्यावा लागेल. शेगडी मिळेल का?"

"शेगडी? बाबा, बिल्डिंगचं फायर ऑडिट झालंय परवाच. इथं काडी ओढली तर माझी नोकरी जाईल."

"आणि खाली राळ लागते."

"राळ म्हणजे? डांबर? या टेबलावर? अहो, नवीन सनमायका आहे."

पल्लवी उठली होती. पायात चप्पल सरकवून दारात पोहोचली होती. "साहेब, मी द्वारका टाळून रिक्षानं जाते. घरून ताव देऊन, राळेवर बसवून थाळा घेऊन येते. पाऊण तास द्या."

"ताई, यादी पाचला बंद होते. आता सव्वाचार झालेत."

"म्हणूनच म्हणते ना, आत्ता जाऊ द्या."

"आणि तुम्ही बाहेरून कुणाकडून करून आणलात तर? प्रात्यक्षिक माझ्यासमोर व्हायला पाहिजे."

"मग उद्या बोलवा."

"पुढची यादी मार्चनंतर. निघाली तर." साहेब खुर्चीत मागे रेलले आणि देवरामकडे बघून हसले. "काय बाबा, पन्नास वर्षं काम केलं म्हणता आणि एक ठोका जमत नाही?"

मित्रांनो, देवराम तिथं उठून निघून जायला हवा होता. मी त्याच्या बाजूचा आहे तरी सांगतो, चूक त्याचीही झाली. कडक चांदीवर, राळेशिवाय, कलम टेकवायची नाही, हे त्याला बाराव्या वर्षापासून ठाऊक होतं. पण सुनेसमोर कुणी असं बोललं की सत्तरीतल्या माणसाचंही डोकं फिरतं. आणि दारात ती उभी होती, तिचा वर्ग त्या रकान्यात अडकला होता.

"मामा, नका मारू," पल्लवी म्हणाली. "जाऊ दे वर्ग."

"गप बस."

त्यानं माझ्याखाली साहेबांच्या फायलींचा गठ्ठा ठेवला. कलम झोपलेल्या पोपटाच्या डोक्यावर टेकवली. हात थरथरत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. ठोका नेमका जिथं पडायला हवा तिथंच पडला. पण खाली धरून ठेवणारं काही नव्हतं. मी साठ वर्षांचा कडक झालेलो. कलम आरपार गेली आणि चोचीपर्यंत चीर गेली. पोपटाचं डोकं दुभंगलं.

मग साहेबांनी फायली उचलून वरच्या फायलीला भोक पडलंय का ते बघितलं. आधी फाइल बघितली. हे मी विसरणार नाही.

त्या दिवशी पाचपर्यंत त्याच टेबलावर, माझ्यासमोर लिहून सही ठोकलेला कागद दहा दिवसांनी घरी आला. प्रात्यक्षिकाच्या वेळी नमुना खराब झाल्याने कौशल्य सिद्ध होत नाही. एक ओळ. रंगनाथांचे अडीच महिने, देवरामची पन्नास वर्षं, पल्लवीची तीन वर्षं, आणि एक ओळ.

चार बायका आपापल्या कामाला लागल्या. खंडेनवमी आली तेव्हा देवरामनं हत्यारांचं फडकं सोडलं नाही. वत्सलाबाईंनी त्या गाठोड्यावरच झेंडू ठेवला आणि हात जोडले. पल्लवी येत्या सोमवारपासून अंबडला जाणार आहे. खोक्यांना चिकटपट्टी लावायची आहे तिला. या बोटांनी.

आणि मी? रंगनाथांचा एक कडक नियम होता. बिघडलेलं काम घरात ठेवायचं नाही, विकायचंही नाही. मुशीत टाकायचं. देवराम तो नियम पाळतो आहे. आज सकाळपासून त्यानं कोळसा मांडून ठेवला आहे.

पल्लवी भांडली त्याच्याशी. "भोक राहू द्या, मामा. भोकासकट बघून शिकेन मी. रात्री कामावरून आल्यावर बसेन."

"बिघडलेलं बघून बिघडलेलंच शिकशील."

"तुम्ही नाही बिघडवलं."

"ठोका माझा होता," देवराम म्हणाला, आणि कोळशाकडे वळला.

वत्सलाबाई उंबऱ्यात बसून होत्या. "वितळवाच आता. माझे तोडे तरी परत होतील यातून," त्या म्हणाल्या. नेहमीसारखं कुणी हसलं नाही. त्यांना स्वतःलाही हसू आलं नाही.

मग पल्लवीनं एक केलं. माझ्यावर पातळ कागद अंथरला आणि पेन्सिल आडवी धरून घासत गेली. तुम्ही नाण्यावर कागद ठेवून घासता तसं. एकेक पोपट कागदावर आला, कैरीसकट. एकोणचाळीस आले. चाळिसाव्यापाशी पेन्सिल चिरेत अडकली आणि कागद फाटला. तिनं तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. तो कागद पुढे कामाला येईल, असं मी तुम्हाला सांगू शकलो असतो. पण मला तसं वाटत नाही. कागदावरून मान कशी वळवायची ते कळतं, चांदी कुठवर सोसते ते कळत नाही. ते शिकवणारा माणूस आता कोळसा फुंकतो आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टीच्या शेवटी एक शिकवण असते. जुन्या वस्तू जपा, पुसा, कपाटात ठेवा. मी वीस वर्षं पेटीत होतो, माझं काय झालं ते ऐकलंत. वस्तू जपायची असेल तर आधी ती करणारा हात कुठं आहे ते शोधा आणि त्याच्यासमोर जाऊन बसा. तो जिवंत असतानाच. हात शिल्लक असता तर आज मी वितळलो काय आणि राहिलो काय, उद्या दुसरे चाळीस पोपट उठले असते. आता माझ्यातून मशीनवर पैंजण निघतील. मोराचे.

साहेब, आता तुम्ही.

मला तुमची माफी नको, दाखलाही नको. देवरामनं कुणाला काही विचारलं नाही, तो स्वतःलाच दोष देत बसला आहे. म्हणून मी विचारतो. सव्वाचार वाजले होते. यादी पाचला बंद होणार होती. तुमच्या टेबलावर दुसऱ्या कुणाचा अर्ज नव्हता, दुसरं कुणी दारात ताटकळत नव्हतं. एक बाई पायात चप्पल घालून उभी होती आणि तुमच्याकडे पाऊण तास मागत होती. तिच्याबरोबर एखादा शिपाई पाठवला असता तरी तुमचं समाधान झालं असतं.

तिला का जाऊ दिलं नाहीत?

भट्टी पुरती तापायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ आहे. उत्तर द्या.